न पाहिलेल्या मुंबईची कैफियत

किशनराव सोनकांबळ्यांना मुंबईचा राग होता. न पाहिलेल्या गावाचा एवढा राग कुणी करतं का? किशनराव करत. छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे आणि मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला, आणि मुलखाबरोबर सरकारी कारकुनांचीही वाटणी निघाली. ज्याचं मूळ गाव जिकडं, तो माणूस तिकडं. किशनरावांचं मूळ गाव देगलूर तालुक्यातलं. सहा वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी ते सोडलं होतं, आणि पुढं तिथं गेले ते फक्त लग्नाला नाहीतर मयतीला. पण कागदाला हे कोण सांगणार? यादी लागली, त्यात नाव मुंबईच्या रकान्यात. झालं.

मुंबईनं त्यांचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. पण हैदराबादच्या मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या होत्या. भाड्याच्या नव्हेत, स्वतःच्या. चार वर्षं खपून उभ्या केलेल्या. एका अंगाला तेलुगू मास्तर, दुसऱ्या अंगाला घोड्यांना नाल ठोकणारा पठाण, आणि दोघांच्या बायका सोनकांबळ्यांच्या केसरबाईच्या हातचं लोणचं मागून नेत. किशनरावांचा बाप गावकुसाबाहेर जन्मला आणि तिथंच मेला असता. गोदामात हमाली करायला हैदराबादला आला म्हणून वाचला. त्या बापाच्या लेकाचं नाव मलकपेठेत दारावर पाटी लावून उभं होतं, आणि येणारा जाणारा ते वाचत होता. हे सोडून कुठं जायचं? आणि का?

त्यात केसरबाई. त्यांची बायको बाळंतपणाच्या दवाखान्यात दाई होती, पक्क्या नोकरीवर. दवाखान्याच्या माणसांची वाटणी नव्हती, कारण दवाखाना काही उचलून मुंबईला नेता येत नाही. म्हणजे नवरा मुंबई राज्याचा आणि बायको आंध्राची. राज्यांची वाटणी करणाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली, ती नेमकी सोनकांबळ्यांच्या चुलीवरून गेली. किशनराव हे वाक्य त्या दिवसांत भेटेल त्याला ऐकवत. ऐकून ऐकून पठाणसुद्धा कंटाळला होता.

अर्ज करायची मुभा होती. किशनरावांनी अर्ज केला. पहिलं कारण असं, की अर्जदारानं जन्मात मुंबई पाहिलेली नाही, तिथं त्याचं ओळखीचं कुत्रंही नाही (कुत्रं नंतर खोडून ‘कोणीही’ केलं), त्यामुळे छेचाळिसाव्या वर्षी त्या अफाट शहरात त्याचे हाल होतील. दुसरं कारण बायकोची नोकरी. तिसरं चोवीस वर्षांची हैदराबादेतली बिनडागी चाकरी. अर्ज गेला तो गेलाच. सहा महिने त्याचं नखही दिसलं नाही.

आता ही चाकरी कसली, ते सांगायला हवं. शेताच्या हद्दींचे आणि कुळांचे तंटे जिथं येत, अशा एका दफ्तरात किशनराव कैफियती लिहीत. कैफियत म्हणजे प्रकरणाची हकिकत: कुणाचं रान, कुठला बांध, कुणी कसतंय, कुणाचा दावा. त्यांना हे काम शिकवलं दफ्तरातल्या थोरल्या कारकुनांनी, ग्यासुद्दीन पेशकारांनी. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, अक्षर मोत्यासारखं. त्यांचा एक नियम होता. कैफियतीचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मौक्यावर जाऊन पाहता असे दिसून येते की.’ मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. "मियाँ, मौका नहीं तो कैफियत नहीं," ते म्हणायचे, आणि ज्या कागदावर ते वाक्य नाही तो फाडून टाकायचे. मग कारकून मौक्यावर गेलेला असो की खुर्चीतून उठलेला नसो. दोनशे कोसांवरच्या बांधाची कैफियत तलाठ्याच्या चिठ्ठीवरून व्हायची, तरी वाक्य तेच. उर्दू जाऊन मराठी आली, पेशकार पेन्शनीत आणि मग मातीआड गेले, वाक्य तिथंच राहिलं. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. पत्राच्या वर ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहिताना आपण खरंच साष्टांग नमस्कार घालतो का? तसंच ते.

दफ्तराचे साहेब हिम्मतराव देशमुख. परभणीकडचे, घरची मोठी जमीनदारी, त्यातली बरीचशी कुळकायद्यात कुळांकडे गेलेली, आणि तो सल ते कुणापासून लपवत नसत. त्यांना मुंबईला जायची घाई झाली होती. नव्या सरकारच्या डोळ्यांत भरायचं, बढती घ्यायची, एवढाच ध्यास. त्यांच्या डोक्यात कल्पना आली, की मुंबईकडे जाणाऱ्या मराठी नोकरांसाठी एक माहितीपत्रक काढावं. मुंबई शहराचा इतिहास, भूगोल, कारभार, धंदा, सगळं एका ठिकाणी. लिहायचं कुणी? ज्याचं मराठी चांगलं त्यानं. मग बोलावलं किशनरावांना.

किशनराव म्हणाले, मी मुंबई पाहिलेली नाही. साहेब म्हणाले, मग पुस्तकं पाहा. किशनराव म्हणाले, माझा न जाण्याचा अर्ज पडलाय. साहेब म्हणाले, अर्जाचा आणि ह्याचा काय संबंध? पुढं जे झालं ते पाहता, साहेबांचं हे वाक्य कुठंतरी कोरून ठेवायला हवं होतं.

त्यातून दफ्तरातल्या लोकांनी उच्छाद मांडला. पत्रक निघणार म्हटल्यावर जो तो येऊन विचारी. दत्तोबा जमादार तर रोज नवा प्रश्न आणायचे. तिथं ज्वारी मिळते का? समुद्राचं पाणी घरात शिरतं का? तिथली माणसं उभ्याउभ्या जेवतात हे खरं का? दत्तोबांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा एक जण म्हणे मुंबईत राहून आला होता आणि त्याचे केस गळाले. खाऱ्या हवेनं केस गळतात का, तेही पत्रकात घाला. किशनरावांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. मला काय विचारता, मी काय तिथं सासुरवाशीण होतो, असं ते म्हणत, आणि तरी दत्तोबा उद्या पुन्हा हजर.

तीन रविवार किशनराव अफजलगंजच्या लायब्ररीत जाऊन बसले. मुंबईवरची जी जाड पुस्तकं होती ती उघडली, आणि चिडत चिडत वाचू लागले. चिडायला कारणही होतं. हद्दीच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, हे रान मुळात कुणाचं? मुंबईचं उत्तर वाचून त्यांचं डोकं फिरलं. सात बेटं. कोळ्यांची वस्ती. मग कुणी राजे, मग गुजरातचा सुलतान, त्याच्याकडून पोर्तुगीजांना, त्यांच्याकडून राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण, आणि त्या राजानं वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकलेली. एवढ्या हस्तांतरांत कोळ्याला कुणी नोटीस दिली का? दिली असती तर पुस्तकात आली असती. किशनरावांनी कागदावर लिहिलं, ‘मूळ कब्जेदारांचे म्हणणे घेतल्याचे आढळत नाही.’

भूगोलानं तर कहरच केला. सात बेटांच्या मधल्या खाड्या लोकांनी बुजवल्या आणि एक जमीन केली. डोंगर फोडायचे, दगडमाती पाण्यात टाकायची, वर रस्ता. म्हणजे शहराची निम्मी हद्द पूर्वी समुद्र होती. अशा जागेचा नकाशा ठेवायचा तरी कसा? पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला बंदर, मध्ये हातभर रुंदीची लांबट पट्टी, आणि त्या पट्टीवर अठ्ठावीस लाख माणूस. हैदराबादेत शहर चारी बाजूंना पसरतं, माणूस वैतागला तर कुकटपल्लीकडच्या माळावर जाऊन बसू शकतो. मुंबईत वैतागलेल्या माणसानं जायचं कुठं?

कारभार समजून घेताना त्यांनी दोनदा चष्मा काढून ठेवला. गटारं आणि नळ कार्पोरेशनचे. कार्पोरेशनचा महापौर लोकांनी निवडलेल्यांनी निवडायचा, पण सगळी किल्ली कमिशनराकडे, आणि कमिशनर नेमणार राज्य सरकार. धक्के आणि गोद्या बंदर मंडळाच्या, त्यांचा कारभार वेगळा. वर पुन्हा राज्याची राजधानी, आणि ते राज्य गुजराती-मराठी एकत्र, त्यातही शहर कुणाचं यावरून लोक रस्त्यावर उतरलेले. आपल्याला जिकडं ढकलतायत, त्या घराची स्वतःचीच वाटणी झालेली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते लायब्ररीत मोठ्यानं "वा रे वा" म्हणाले. लायब्रेरियननं वर पाहिलं.

पण लिहायला बसले की माणूस बदले. ग्यासुद्दीन पेशकारांचा हात होता तो. बोरीबंदरहून ठाण्याला सुटलेली पहिली आगगाडी, अमेरिकेत लढाई पेटली म्हणून मुंबईत कापसाला आलेला सोन्याचा भाव, लढाई थांबली त्या दिवशी बुडालेले शेठ, गिरण्यांचे भोंगे, परळ-लालबागच्या चाळी, गोदीवर जहाजं कशी लागतात, शेअरबाजारात कसे ओरडतात, सगळं त्यांनी असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस तिथं दहा वर्षं राहून आलाय. शेवटी दत्तोबांसाठी एक ओळ घातली, की ज्वारी मिळते. आणि केसांबद्दल पुस्तकात काही सापडलं नाही, हेही लिहिलं.

आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, चोवीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप लिहून ठेवलं: ‘मौक्यावर जाऊन पाहता असे दिसून येते की, मुंबई हे शहर समुद्रकाठी वसले आहे.’

ही ओळ त्यांच्या नजरेला खटकली नाही. साहेबांच्या नजरेलाही नाही. दफ्तरातल्या कुणालाच नाही. ज्या घरात रोज धूप जळतो तिथल्या माणसाला त्याचा वास येत नाही. बावीस पानांचं पत्रक चक्रमुद्रित झालं, प्रती वाटल्या, आणि हिम्मतरावांनी एक प्रत थेट मुंबईच्या सचिवालयात धाडली. लेखकाचं नाव आपलंच टाकावं असा त्यांचा विचार होता, पण दत्तोबांनी आधीच सगळीकडे किशनरावांचं नाव करून ठेवलं होतं.

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये अर्जांची सुनावणी लागली. मुंबईहून एक अधिकारी आले होते. तरुण, टापटिपीचे, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. शेजारी, दफ्तराचे साहेब म्हणून, हिम्मतराव लिहून घ्यायला बसलेले. समोर किशनराव. केसरबाईनं सकाळी इस्त्रीचा कोट दिला होता आणि चिडू नका एवढंच सांगितलं होतं.

अधिकाऱ्यांपुढं दोन कागद होते. डाव्या हाताला अर्ज, उजव्या हाताला पत्रक. त्यांनी आधी पत्रकाची तारीफ केली. मी मुंबईतच जन्मलो, म्हणाले, पण माझं शहर मला एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. किशनराव संकोचले. बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. मग अधिकाऱ्यांनी अर्जातलं पहिलं कारण वाचलं आणि पत्रकातली पहिली ओळ वाचली. पुन्हा एकदा दोन्ही वाचली.

"अर्जात म्हणता, जन्मात मुंबई पाहिली नाही. इथं लिहिता, मौक्यावर जाऊन पाहिली. ह्यातलं खरं काय?"

किशनरावांना हसूच आलं. ही तर लिहायची रीत आहे, ते म्हणाले. आमच्याकडे कैफियत अशीच सुरू होते, प्रत्यक्ष गेलं पाहिजे असं नाही. हे सांगून ते मोकळे झाले, आणि त्यांना वाटलं, सुटलो.

अधिकारी काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, म्हणजे ह्या दफ्तरातल्या सगळ्या कैफियतींवर ही ओळ असते? हो. आणि न जाताही लिहिलेली असते? किशनराव हो म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर हिम्मतरावांकडे गेली.

हिम्मतरावांची लेखणी थांबली होती; रीतीचं ते बोलणं त्यांनी अजून लिहून घेतलं नव्हतं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण ते खुर्चीत पुढं सरकले होते, आणि लेखणीचं टोक कागदाला टेकवून वाट पाहत होते.

 किशनरावांना एकदम दिसलं ते त्यांच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावचं अकरा एकर रान. निवृत्ती नावाचं कूळ. तिथल्या गावच्या देशमुखानं त्याला बेदखल करायचा घाट घातला होता, आणि किशनराव स्वतः, सुटी टाकून, गुडघाभर चिखल तुडवत त्या बांधावर गेले होते. चार गावकऱ्यांचे जबाब घेतले, आणि कैफियत लिहिली, मौक्यावर जाऊन पाहता असे दिसून येते की सदर रान निवृत्ती हाच कसतो. रान निवृत्तीला राहिलं. असे निवृत्ती एक नव्हे, पन्नासेक तरी होते. त्या सगळ्या कागदांवर तीच ओळ. जिथं गेले तिथंही ती, आणि जिथं गेले नाहीत तिथंही तीच. कुठली खरी आणि कुठली खुर्चीतली, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत? आज ह्या सरकारी कागदावर एकदा उतरलं, की ती ओळ सवयीची आहे, तिला अर्थ नाही, तर उद्या एकूणएक देशमुखाचा वकील तो कागद घेऊन कोर्टात उभा राहील. लिहून घेणारा तर समोरच बसलाय, आणि त्याचीही जमीन कुळांकडेच गेलेली.

मुंबईपुरती न जाता लिहिली म्हणावं, तरी बाकीच्या कागदांवर संशय येणारच; इकडे आड, तिकडे विहीर. पेशकारांना त्यांनी मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यानं कबरीत कूस बदलली असेल. स्वतःलाही दिल्या. कुणी सांगितलं होतं ती ओळ मुंबईवर लिहायला? समुद्र काय बांध होता?

"सांगा," अधिकारी म्हणाले. "न जाता लिहिता?"

"नाही साहेब, मघाशी चुकून बोललो," किशनराव म्हणाले. "जाऊनच लिहितो."

"मग मुंबईला गेला होता?"

"गेलो होतो."

हिम्मतरावांनी लेखणी उचलली आणि ते दोन शब्द लिहिले. ते लिहिताना त्यांचं तोंड कडू झालेलं किशनरावांनी पाहिलं, आणि त्या अख्ख्या दिवसातलं तेवढंच सुख त्यांच्या वाट्याला आलं.

पुढचं सरळ होतं. अर्जातलं पहिलं कारण खोटं ठरलं, आणि एक कारण खोटं म्हटल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवतो? अधिकाऱ्यांनी दंड केला नाही, शेराही सौम्य लिहिला. उलट म्हणाले, तुमच्यासारखा जाणकार माणूस मुंबईला हवाच. जूनमध्ये रुजू व्हा.

केसरबाई दवाखान्यातली पाळी संपवून घरी आली तेव्हा किशनराव कोट न काढताच उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आधी ती चिडली, आणि तिचं चिडणं किशनरावांसारखं बडबडीचं नव्हतं. ती भांडी घासायला लागली. घासता घासता म्हणाली, की चोवीस वर्षं माणूस खऱ्याखोट्याला एकच ओळ लिहितो आणि त्याला काही वाटत नाही, आणि एक दिवस वाटायचं म्हटलं तर ते नेमकं आपल्या घरावर यावं. निवृत्तीला ठाऊक तरी आहे का तुम्ही काय केलंत ते? किशनराव म्हणाले, नाही, आणि कळायचंही नाही. मग ते बोलत सुटले. मुंबईत बाळंतपणाचे दवाखाने पुष्कळ आहेत, पत्रकातच लिहिलंय. परळला खोली बघू. हे घर भाड्यानं देऊ. दोन-चार वर्षांनी परत बदली मागू.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

किशनरावांना वाटलं, रागानं बोलतेय. त्यांनी समजूत घालायला सुरुवात केली. तिनं हात वर करून थांबवलं.

"नोकरी एकदा सुटली की ह्या वयात परत कोण देतंय? आणि घर भाड्यानं दिलं की गेलं. कूळ कायद्याचं काम तुम्हीच करता, तुम्हाला मी काय सांगू. आपण दोघं गेलो तर आपलं इथं काहीच राहत नाही. मी राहिले तर घर राहतं."

"आणि मी? मी तिथं एकटा कुणासाठी राहू?"

"निवृत्तीसाठी बोललात ना," केसरबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच राहा."

हे बोलली आणि तिचं तिलाच सोसवलं नाही. तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण किशनरावांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यात मेलेली पोरं हातात घेणारी बाई ती. चिडायला त्यांना कुणीच सापडेना. मुंबईवर चिडावं तर मुंबईनं काय केलं होतं? ते उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. तुझं बरोबर आहे, म्हणाले. खरंच होतं ते, आणि म्हणूनच त्यांना इतकं लागलं.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात किशनराव एकटेच मुंबईला गेले, आणि नऊ वर्षं, पेन्शन मिळेपर्यंत, परळच्या एका खोलीत तिघा परक्या माणसांबरोबर राहिले. निवृत्तीचं रान निवृत्तीकडेच राहिलं. केसरबाई शेवटपर्यंत मलकपेठेतल्या त्या दोन खोल्यांतून हलली नाही.